कॉर्बेटच्या रायफलची किंमत

जुन्या वस्तूची किंमत काढणं हा आपल्याकडे घरोघरी चालणारा आवडता उद्योग आहे. माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ खाली उतरवलं, पणजोबांचं खिशातलं घड्याळ ट्रंकेच्या तळाशी सापडलं, की घरातलं कुणी तरी विचारतंच, ‘आज विकलं तर किती येतील हो?’ जुन्या वाड्यांच्या भिंतीवर टांगलेल्या शिकारीच्या रायफलीबद्दलही हाच प्रश्न विचारला जातो. फक्त जरा आवाज खाली घेऊन. कारण घंगाळाला परवाना लागत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. बंदुकीशी माझं नातं शब्दांपुरतं. ‘बंदूक’ हा शब्द अरबीतल्या ‘बुंदुक’वरून आला. त्याचा मूळ अर्थ टणक कवचाचं एक छोटं फळ आणि मग त्या आकाराची गोळी. ‘काडतूस’ आपल्याला पोर्तुगीजांनी दिलं. ‘दारू’ फारसीतून आली आणि तिथं तिचा एक अर्थ चक्क औषध असा आहे! ‘रायफल’ मात्र इंग्रजांबरोबर आली. नळीच्या आत कोरलेल्या पीळदार आट्यांवरून तिला ते नाव पडलं. एवढ्या भांडवलावर मी एका प्रश्नाच्या मागे लागलो. लाकूड आणि लोखंड मिळून साडेतीन-चार किलोचा ऐवज. त्यातली एक रायफल काही हजारांना जाते आणि तिच्याच कारखान्यात, तिच्याच सुमारास घडलेली दुसरी कोटीच्या पुढे. असं का व्हावं?

उत्तर शोधायला सगळ्यांत सोयीच्या दोन रायफली एकाच माणसाच्या आहेत. जिम कॉर्बेटच्या.

चंपावतची वाघीण मराठी वाचकाला नवी नाही. कॉर्बेटचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ मुळातून किंवा अनुवादातून वाचलेले कितीतरी लोक आपल्याकडे आहेत. नेपाळात आणि मग कुमाऊंत मिळून या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगितले जातात. १९०७ साली कॉर्बेटने तिला मारलं. शेवटचा बळी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी होती. सरपणाच्या काटक्या गोळा करायला गेलेली. दुसऱ्या दिवशी चंपावतच्या तहसीलदारांनी हाकारा घालण्यासाठी माणसं जमवली, ती भरली २९८. विनापरवाना हत्यारांकडे आज काणाडोळा केला जाईल, लागेल त्याला दारूगोळाही मिळेल, असं तहसीलदारांनी जाहीर करून टाकलं होतं. मग काय, गवताच्या गंजीतून, आढ्यातून, कुठून कुठून ठासणीच्या बंदुका बाहेर आल्या. त्या दिवशी निघालेल्या हत्यारांनी एक संग्रहालय भरलं असतं, अशा अर्थाचं कॉर्बेटनेच लिहून ठेवलं आहे.

त्या प्रसंगातली मला सगळ्यांत आवडणारी बंदूक कॉर्बेटची नाही, तहसीलदारांची आहे. जखमी वाघीण समोर उभी आणि कॉर्बेटजवळची काडतुसं संपलेली. तो धावत गेला आणि तहसीलदारांच्या हातातली छऱ्याची बंदूक घेऊन परत आला. वाघिणीच्या अगदी जवळ जाऊन बंदूक उचलली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की तिची नळी आणि मागचा भाग यांच्यात चांगली फट आहे. म्हणजे बार पुढं जायचा तसा मागं तोंडावरही यायचा. तरी त्याने चाप ओढला. गोळी लागली ती वाघिणीच्या पंजाला. ती मेली आधीच्या जखमांनी. आता कुणा व्यापाऱ्यापुढं ती फटीची बंदूक ठेवली, तर तो तिला भंगाराच्या भावानेसुद्धा हात लावायचा नाही. आणि तीच ही बंदूक, असं सिद्ध करून दाखवलं तर? हीच या सगळ्या व्यवहाराची मेख आहे.

काही महिन्यांनी नैनीतालला दरबार भरला. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हिवेट यांनी तहसीलदारांना एक बंदूक दिली आणि कॉर्बेटबरोबर जंगलात फिरलेल्या माणसाला एक देखणा शिकारी सुरा. हे कॉर्बेटने आवर्जून नोंदवलं आहे. स्वतःला काय मिळालं ते मात्र त्या ठिकाणी सांगितलेलं नाही. त्याला मिळाली होती लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची २७५ बोअरची रायफल. तिच्या दस्त्यावर चांदीची एक छोटी पट्टी बसवलेली आहे. पट्टीवर देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, कशासाठी दिली ते आणि १९०७ हे साल.

ही पट्टी घटकाभर बाजूला ठेवून नुसती रायफल पाहू. तिचं हृदय जर्मन आहे. काडतूस आत ढकलणारी, ते पकडून ठेवणारी आणि रिकामं झाल्यावर बाहेर फेकणारी सगळी यंत्रणा माउझर कंपनीची, ओबर्नडॉर्फ गावी बनलेली. रिग्बी त्या काळी माउझरचा ब्रिटनमधला विक्रेता होता. काडतूससुद्धा मूळचं माउझरचंच, सात मिलिमीटरचं. इंग्रज गिऱ्हाइकाला मिलिमीटर कळत नाहीत आणि आवडतही नाहीत, म्हणून रिग्बीने तेच माप इंचात करून २७५ म्हटलं. म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले २७५. दस्ता अक्रोडाचा, घडण नेटकी, नक्षीकाम जवळपास नाहीच. अशा, त्याच काळातल्या आणि बऱ्या अवस्थेतल्या रिग्बी आजही इंग्लंडात काही हजार पौंडांत मिळतात. चांगल्या जुन्या मोटारसायकलीची किंमत म्हणा.

मग तिच्यावर इतिहास चढत गेला. १९३० साली चौगढची नरभक्षक वाघीण मारली ती याच बोअरच्या हलक्या रायफलीने, तीही एका हाताने. कॉर्बेटच्या डाव्या हातात त्या वेळी एका पक्ष्याची दोन अंडी होती. वाटेत सापडलेली, संग्रहासाठी उचललेली. वळून पाहतो तर वाघीण आठ-दहा फुटांवर बसलेली. अंडी न टाकता त्याने उजव्या हातातली रायफल इंच-इंच फिरवत आणली आणि बार काढला. जड दुनळी रायफल असती तर हे जमलं नसतं. अंडी त्याने नंतर जाऊन घरट्यात ठेवली. हे वाचताना मला नेहमी वाटतं, की लिलावाच्या यादीत रायफलीचं वजन छापतात, लांबी छापतात, त्या दोन अंड्यांचं वजन कुठल्या रकान्यात लिहायचं?

ही गोष्ट जगभर गेली ती आपल्या मुंबईतून. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ १९४४ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रसिद्ध केलं. शाखेचे प्रमुख होते रॉय हॉकिन्स. पहिल्या आवृत्तीचं मानधन कॉर्बेटने युद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांच्या संस्थेला देऊन टाकलं होतं. १९४६ साली अमेरिकेतल्या ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ने ते पुस्तक निवडलं आणि मग खपाला सुमार राहिला नाही. ते पुस्तक निघालं नसतं तर कुमाऊंबाहेर कॉर्बेटचं नाव किती जणांना कळलं असतं? बंदुकीची किंमत बंदूक बनवणाऱ्याइतकीच छापखान्याने वाढवली, असं मी म्हणतो. कवी आहे म्हणून नाही, हिशेबच तसा दिसतो.

स्वातंत्र्यानंतर, १९४७च्या अखेरीस, कॉर्बेट केनियाला गेला आणि १९५५ साली तिथंच वारला. रिग्बी रायफल त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली आणि अनेक वर्षं तिथं राहिली. २०१५ साली ती जिथं घडली त्या रिग्बी कंपनीने परत मिळवली. २०१६च्या एप्रिलमध्ये कंपनीने ती भारतात आणली, कॉर्बेटने वसवलेल्या छोटी हल्दवानी गावापर्यंत नेली. नंतर कंपनीने जुन्या धाटणीची एक नवी रायफलही बाजारात आणली, आणि तिच्या जाहिरातीत कॉर्बेटचं नाव येणारच. व्यापारी आहेत, व्यापार करणार. पण ती रायफल कालाढुंगीच्या कॉर्बेट संग्रहालयात कायमची राहिली असती तर जास्त शोभली असती, हे माझं मत मी लपवत नाही. मारलेल्या वाघिणीची दहशत ज्यांनी सोसली, हाकाऱ्याला जे गेले, त्यांची नातवंडं-पतवंडं त्याच डोंगरांत राहतात.

दुसरी रायफल बाजारात आली, म्हणून तिची किंमत आपल्याला आकड्यात सांगता येते. ती डब्ल्यू. जे. जेफ्री या लंडनच्या कारागिराची दुनळी, ४५०/४०० बोअरची. जड जनावरासाठी कॉर्बेट ही वापरायचा. पुढं ती अमेरिकेतल्या आयडाहोच्या एल्मर कीथ या माणसाकडे पोचली. कीथ हा बंदुकांवर लिहिणारा नामांकित लेखक. डोक्याला मोठी हॅट, बोलण्यात फटकळ आणि संग्रह अफाट. तो १९८४ साली वारला. २०१५च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात जेम्स ज्युलिया यांच्या लिलावगृहाने त्याचा संग्रह विकायला काढला. कॉर्बेटच्या जेफ्रीला बोली लागली सुमारे २ लाख ६४ हजार डॉलरची. त्या वेळच्या दराने दीड कोटी रुपयांहून अधिक. याच बनावटीची, याच बोअरची साधी जेफ्री तेव्हा दहा-पंधरा हजार डॉलरच्या घरात मिळायची. म्हणजे लोखंड-लाकडाचा एक रुपया आणि नावाचे पंधरा-वीस. शिवाय तिच्यावर एक नव्हे, दोन नावं होती. अमेरिकन गिऱ्हाइकाला कदाचित कीथच अधिक जवळचा असेल.

अशी उदाहरणं आणखी आहेत. हेमिंग्वेने वापरलेली वेस्टली रिचर्ड्सची ५७७ बोअरची दुनळी २०११ साली याच लिलावगृहात सुमारे ३ लाख ४० हजार डॉलरला गेली. थिओडोर रूझवेल्टने १९०९ साली आफ्रिकेत नेलेली फॉक्स कंपनीची बंदूक २०१० साली ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला. ती तर छऱ्याची, रायफलसुद्धा नव्हे.

पण नाव सांगून भागत नाही, नाव सिद्ध करावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या सरदार घराण्यांत ‘ही बंदूक अमक्या लाटसाहेबाने आमच्या आजोबांना दिली’ हे वाक्य प्रत्येक बंदुकीमागं ऐकू येतं. लाटसाहेब इतक्या बंदुका वाटत बसला असता, तर त्याला राज्य करायला वेळ उरला नसता. लिलावाच्या बाजारात घरच्या आठवणीला भाव शून्य. तिथं विचारतात, नळीवरचा क्रमांक कारखान्याच्या वहीत आहे का? लंडनच्या जुन्या कारागिरांनी प्रत्येक हत्याराची नोंद ठेवली: क्रमांक अमुक, बोअर तमुक, कुणाला, कधी, कितीला विकलं. त्या वह्यांतला उतारा मागवला की तो येतो. मग फोटो लागतो, पत्र लागतं, जुनी पावती लागते. रायफलीची कातडी पेटी आणि आत चिकटवलेली दुकानदाराची चिठ्ठी असली, तर तेवढ्यानेही भाव चढतो. चांदीची पट्टी ही सगळ्यांत वरची साक्ष, पण पट्टी बनवणारे सोनारही पुष्कळ आहेत! म्हणून पट्टीलाही वहीची साक्ष लागतेच.

हे कारखान्याच्या वहीचं माहात्म्य अमेरिकेत आणखी ठळक दिसतं. विंचेस्टर कंपनीने १८७५ साली एक गंमत केली. कारखान्यात प्रत्येक नळी झाडून पाहायचे. जिचा नेम असाधारण जमायचा, ती वेगळी काढून, उत्तम साज चढवून, तिच्यावर ‘हजारात एक’ असं कोरायचं आणि ती रायफल शंभर डॉलरला विकायची. तिच्या खालची पायरी ‘शंभरात एक’. कल्पना झकास. पण गिऱ्हाईक शहाणं होतं. ते म्हणालं, म्हणजे बाकीच्या नऊशे नव्याण्णव वाईट का? दोन-तीन वर्षांत कंपनीने हा प्रकार गुंडाळला. १८७३च्या प्रसिद्ध नमुन्यात अशा सुमारे एकशे तीसच बनल्या.

मग सत्तर वर्षं कुणाला त्यांची आठवण नव्हती. १९५० साली जेम्स स्ट्यूअर्टचा ‘विंचेस्टर ७३’ हा चित्रपट आला. एका ‘हजारात एक’ रायफलीमागं धावणाऱ्या माणसांची कथा. चित्रपटाच्या जाहिरातीसाठी स्टुडिओने शोधमोहीम काढली: तुमच्या घरात अशी रायफल आहे का? लोक कोठारं धुंडाळायला लागले. खरोखरच काही निघाल्या. तोवर जे जुनं हत्यार होतं, त्याचा दुसऱ्या दिवसापासून दुर्मिळ ऐवज झाला. त्याबरोबर खोटे शिक्केही आले. सुदैवाने विंचेस्टरच्या त्या काळच्या नोंदवह्या वायोमिंग राज्यातल्या कोडी गावच्या संग्रहालयात जपून ठेवलेल्या आहेत. तिथून क्रमांकाचं पत्र आलं, तर रायफल खरी.

वही नसेल तर काय होतं? त्यासाठी त्याच कंपनीचा पुढचा नमुना पाहा: मॉडेल ७०. ही १९३६ पासूनची अमेरिकन शिकाऱ्याची लाडकी रायफल. १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी कंपनीने तिची बनावट बदलली. काडतूस पकडणारा माउझरसारखा मोठा चिमटा गेला, हाताचं काम कमी झालं. शिकारी चिडले. ‘चौसष्टच्या आधीची’ ही अक्षरं तेव्हापासून बाजारात मंत्रासारखी झाली. १९३६ ते १९६३ या काळात त्या जवळजवळ पाच लाख ऐंशी हजार बनल्या, म्हणजे रायफल दुर्मिळ मुळीच नाही. दुर्मिळ आहेत त्यातले काही बोअर, जे तेव्हा खपले नाहीत: ३०० सॅव्हेज, ३५ रेमिंग्टन असे. गिऱ्हाइकाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली, त्यांच्यासाठीच आज संग्राहक तिप्पट-चौपट पैसे मोजतो. आणि मॉडेल ७०च्या कारखान्यातल्या नोंदी उपलब्ध नसल्याने इथं लबाडीला मोकळं रान मिळालं. साध्या रायफलीला दुसरी नळी बसवायची, तिच्यावर दुर्मिळ बोअरचा ठसा मारायचा, की झालं. म्हणून जाणकार भिंग लावून ठशातली अक्षरं पाहतो, नळीखालचा तारखेचा आकडा पाहतो, दस्त्याचे स्क्रू कधी खोलले होते का ते पाहतो. हस्तलिखितं तपासणारे संशोधकही याहून वेगळं काय करतात?

इथवर वाचून कुणी म्हणेल, दुर्मिळ ते महाग, एवढंच ना? नाही. आणि ते का नाही, हे सांगणारी गोष्ट थेट हिंदुस्थानातली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश शिकाऱ्यांची आवडती मोठी रायफल ४५० बोअरची होती. रिग्बीने १८९८ साली नव्या, बिनधुराच्या दारूवर चालणारं ४५०चं काडतूस आणलं आणि हत्ती-गव्यासाठी तेच प्रमाण ठरलं. पण ब्रिटिश फौजेची जुनी मार्टिनी-हेन्री रायफलही ४५ शतांश इंचाचीच होती. त्या रायफली चोरीला जाऊन सरहद्दीवरच्या टोळ्यांकडे आणि सुदानातल्या बंडखोरांकडे पोचल्या होत्या. शिकाऱ्याची गोळी काढून त्या मार्टिनीत वापरता येईल, ही सरकारला धास्ती. मग १९०७च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान इथं ४५० बोअर आणायला बंदी झाली. चंपावतची वाघीण मेली तेच हे दिवस.

लंडन-बर्मिंगहॅमच्या कारागिरांची तारांबळ उडाली. त्यांची सगळ्यांत मोठी गिऱ्हाइकं म्हणजे हिंदुस्थानातले साहेब आणि संस्थानिक. ४५० नको, तर थोडा कमी-जास्त आकडा काढा! हॉलंड अँड हॉलंडने ५००/४६५ काढली. जोसेफ लँगने ४७०, जेफ्रीने ४७५चा एक प्रकार, वेस्टली रिचर्ड्सने ४७६. कामगिरीत यांच्यात उडदामाजी काळे-गोरे करण्याइतकाच फरक. सगळ्यांचं मूळ एकच, सरकारी कारकुनाने लिहिलेला एक हुकूम.

आता शंभर वर्षांनी यांच्या किमतीत मात्र फरक पडला, आणि तो काडतुसामुळे. ४७०चं काडतूस बनवायला कुणाला बंदी नव्हती, ज्याला हवं त्याने बनवावं; म्हणून अनेक कारागिरांनी ४७०च्या रायफली केल्या. बाकीचे आकडे एकेका दुकानाची मिरास होऊन राहिले. १९६०च्या दशकात साम्राज्य आटोपलं तशी या मोठ्या काडतुसांची मागणी संपली, इंग्लंडच्या किनॉख कंपनीने ती बनवणं बंद करत आणलं आणि भल्याभल्या दुनळ्या कवडीमोल झाल्या. गोळीच मिळेना, तर रायफल घेऊन करायचं काय? १९८०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या फेडरल कंपनीने ४७०चं काडतूस पुन्हा बाजारात आणलं आणि ४७०च्या दुनळीचे दिवस पालटले. ४७६ खरं तर ४७०पेक्षा कितीतरी दुर्मिळ, पण शिकारीला आफ्रिकेत जाणारा अमेरिकन ४७०लाच जास्त पैसे देतो. मॉडेल ७०चा संग्राहक रायफल झाडत नाही, कपाटात ठेवतो. म्हणून त्याला दुर्मिळ बोअर हवा. दुनळी घेणारा ती झाडतो. म्हणून त्याला सहज मिळणारा बोअर हवा. एकाच बाजारात दुर्मिळपणाची किंमत अशी उलटसुलट होते.

अवस्थेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण नुकसान इथंच सगळ्यांत जास्त होतं. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला गंज आणणारा असायचा. शिकारीनंतर त्याच रात्री नळी धुतली नाही, तर आट्यांवर खड्डे पडलेच. त्यात आपला पावसाळा. भारतातून बाहेर गेलेल्या रायफलींची नळी आतून पाहताना व्यापारी श्वास रोखतात, तो यासाठी. बाहेरून मात्र मूळचा निळसर-काळा रंग जितका शिल्लक, तितका भाव जास्त. रंग विटला म्हणून कुणी हौसेने पॉलिश करून नवा काढून आणला, दस्ता घासून व्हार्निश मारलं, की किंमत निम्म्यावर आली म्हणून समजा. पुतळ्याला ऑइल पेंट देणाऱ्या आपल्या लोकांना हे पटणं कठीण आहे, पण तसं आहे खरं.

राहिला आपल्या देशातला बाजार. तो बाजार म्हणायचा का, हाच प्रश्न. वाघाच्या शिकारीवर १९७० साली बंदी आली आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपवला. तो संपला हे बरंच झालं. १९७१ साली संस्थानिकांचे तनखे गेले होते. वाड्यांतल्या, राजवाड्यांतल्या शस्त्रागारांना आता काम उरलं नाही आणि ती सांभाळायला पैसाही उरला नाही. त्या काळात कितीतरी उत्तम हत्यारं परदेशी व्यापाऱ्यांच्या हाती गेली. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयासारखी काही ठिकाणं आहेत, जिथं जुनी शस्त्रं आज आपल्याला पाहायला तरी मिळतात.

पुढं १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं. त्यामुळे देशात असलेल्या जुन्या परदेशी पिस्तुलांना सोन्याचा भाव आला. शिकारी रायफलीला मात्र तो आला नाही. शिकार नाही, काडतूस नाही, ज्याला स्वसंरक्षणासाठी हत्यार हवं त्याला चार फुटी दुनळी नको. त्यात २०१९च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मुभा राहिली आणि तिसरं ज्यांच्याकडे होतं, त्यांना ते काढावं लागलं. सगळे विकायला निघाले, घेणारा कुणी नाही. शंभर वर्षं झालेल्या कलाकुसरीच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२च्या पुरावस्तू कायद्याचा निर्बंध आहे. म्हणून लंडनमध्ये जी लाखांत जाईल अशी रायफल आपल्याकडे एखाद्या परवानाधारक दुकानाच्या कोठडीत वारसाची वाट पाहत गंजत पडते. निवडणुका लागल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, हे खेडोपाडी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथं त्यांना तेल कोण लावणार?

म्हणून ज्यांच्या घरी असं काही आहे, त्यांनी किमतीचा विचार करण्याआधी दोन-तीन गोष्टी कराव्यात. परवानाधारक वडील किंवा आजोबा गेले असतील, तर हत्यार घरात ठेवून गप्प बसू नये. ते पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून वारस म्हणून रीतसर अर्ज करावा. विकायचं ठरलं, तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं आणि घेणाऱ्याकडेही परवाना असावा लागतो. नळीवरचा क्रमांक, कारागिराचं नाव आणि लंडन-बर्मिंगहॅमच्या तपासणीघराचे बारीक ठसे यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवावेत. पॉलिश करू नये, हे वर सांगितलंच.

आणि जुना परवाना. जीर्ण झालेली ती छोटी वही, जिच्यात तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंतचे शिक्के असतात, कुठल्या साली कुठल्या दुकानातून किती काडतुसं घेतली याच्या नोंदी असतात, मोडी-उर्दू-इंग्रजी तिन्ही लिप्यांतल्या सह्या असतात. रायफल जमा करताना लोक ही वहीसुद्धा कागद म्हणून देऊन टाकतात किंवा रद्दीत घालतात. तिची एक प्रत काढून घरी ठेवावी.